ठिगळ

माझ्या वहिनीला एक खोड आहे. नवे कापड हाती आले की ती आधी त्याची उलटी बाजू पाहते. सुलटी बाजू दुकानदाराची आणि उलटी बाजू शिवणाऱ्याची, असे तिचे मत. टाका कसा घातला आहे, शिवणीत कापड किती सोडले आहे, पुढेमागे अंग भरले तर उसवून वाढवता येईल की नाही, हे सारे म्हणे उलट्या बाजूला कळते. लग्नातल्या शालूपासून नातवंडांच्या झबल्यापर्यंत या परीक्षेतून काही म्हणून सुटलेले नाही.

आमचे गाव मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या अलीकडे. मी शहापूर तालुक्यात मास्तरकी केली आणि पुढे कल्याणला घर केले. थोरला भाऊ शेतीवर राहिला. आता तो नाही, वहिनी आहे, आणि दिवाळीला सगळ्यांनी तिच्याकडे जमायचे हा रिवाज आहे. गेल्या दिवाळीत माझी नात एक नवा कोट घालून आली. निळा, जाड सुती, पुढे तीन मोठे खिसे. दोन्ही कोपरांवर आणि एका खिशावर निराळ्या रंगाची ठिगळे. "आजोबा, फ्रान्समधले कामगार पूर्वी असे कोट घालीत," ती मला म्हणाली. "आता त्याची फॅशन आली आहे."

फराळ झाल्यावर वहिनीने तो कोट मागून घेतला आणि सवयीप्रमाणे उलटा केला. बाहीत हात घालून कोपरापाशी बोटाने चाचपले. मग चष्मा लावून पाहिले.

"ठिगळ हाय खरं, पन भोक कुठाय?"

"मोठी आजी, भोक नसतंच. ती फॅशन आहे."

"भोक नाय, तर ठिगळ कशापायी लावलं?"

तेवढ्यात तिचा स्वतःचा नातू समोरून गेला. त्याने मुरबाडच्या बाजारातून आणलेली जीनची विजार घातली होती. दोन्ही गुडघ्यांवर ती दुकानातूनच फाडून आलेली. वहिनीने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा कोटाकडे पाहिले आणि म्हणाली, "ह्याचं भोक अन् तुझं ठिगळ येका जागी आना, म्हंजी झालं!"

सारे घर हसले. मीही हसलो. मग वहिनीने किंमत विचारली, आणि नातीने ती अर्धी करून सांगितली. मला खरा आकडा ठाऊक होता. ती अर्धी किंमत ऐकूनही वहिनी मनातल्या मनात भाताचा हिशेब करू लागली, हे तिच्या हलणाऱ्या ओठांवरून मला कळले. मी काही बोललो नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न माझा पाठलाग करू लागला. माझी नात खोटे बोलणारी मुलगी नव्हे. ज्या कोटाचे तिला एवढे कौतुक, त्याची किंमत या घरात तिला का लपवावीशी वाटली?

ठिगळ हे एक उत्तर असते. काट्याने, विळ्याने, घासण्याने कापडाला जे भोक पडले, त्याचे उत्तर. कष्टकऱ्याच्या पोशाखातील प्रत्येक गोष्ट असेच कशाचे तरी उत्तर असते. लावणीच्या दिवसांत शहापूरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर मी इरली पाहिली आहेत. बांबूच्या कामट्यांचे दोन थर विणून त्यांत पळसाची पाने दाबून बसवायची. आकार उपड्या होडीसारखा. डोक्यावरून घेतले की पाठीवर कमरेच्या खालपर्यंत येते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. मी एकदा हौसेने ते डोक्यावर घेऊन ताठ उभा राहिलो, तर पुढून पार भिजलो. बायका हसू लागल्या. त्यांतली एक म्हणाली, "मास्तर, वाका!" वाकलो, आणि पाऊस लागेनासा झाला. इरले उभ्या माणसासाठी केलेलेच नसते. दिवसभर चिखलात ओणवे राहणाऱ्या पाठीचे ते माप असते.

कोपरीचेही तेच. बाही कोपरापाशीच थांबते, कारण पुढचा हात चिखलात जायचा असतो. लुगड्याचा काष्टा गुडघ्यापर्यंत येतो तोही त्याचसाठी. घोंगडी पाहा. पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेत बैलांच्या बाजाराइतकाच घोंगड्यांचा बाजार नावाजलेला. घाटावरच्या मेंढ्यांच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली ती काळी घोंगडी खोळ करून डोक्यावर घेतली की पावसात अंगरखा, रात्री अंथरूण. यांतील कोणतीही वस्तू कोणी सुंदर दिसावी म्हणून केली नव्हती. तरी ती सुंदर आहे. कदाचित म्हणूनच सुंदर आहे. आणि म्हणूनच शहरातल्या डोळ्यांना ती ओढ लावते. मुरबाडच्या वाटेवरील एका शेतघरात मी इरल्याला आत दिवा लावून छताला टांगलेले पाहिले आहे.

यात पाप आहे काय? असे म्हणायला माझे मन तयार होत नाही. पोशाख हा नेहमीच प्रवासी आहे. इंग्रजीतल्या 'डंगरी' या शब्दाचे मूळ कोशकार आपल्या मुंबईच्या डोंगरीत नेऊन पोचवतात. तिथल्या बाजारातले जाडेभरडे सुती कापड जहाजांवर चढले आणि साता समुद्रांपलीकडच्या मजुरांच्या अंगावर गेले. नातवाच्या विजारीची कथाही तशीच. २० मे १८७३ रोजी लेव्ही स्ट्राऊस हा व्यापारी आणि जेकब डेव्हिस हा शिंपी या दोघांना अमेरिकेत एक पेटंट मिळाले. कशाचे? तर मजुरांच्या विजारींच्या खिशांना धातूचे रिवेट ठोकण्याचे. खिसा ओझ्याने उसवू नये म्हणून. तेही उत्तरच होते. आज तेच रिवेट म्हशाच्या यात्रेत पोरे मिरवतात, आणि त्यांत ओझे एका मोबाइलचे! नातीने फ्रान्सच्या कामगाराचा कोट घेतला, नातवाने अमेरिकेच्या मजुराची विजार घेतली. दोघेही दुसऱ्याच्या कष्टाचे कपडे घालून माझ्या ओसरीवर चिवडा खात होते. मग मला टोचले ते एकाचेच का?

दुसऱ्याचा पोशाख घेणे निराळे आणि दुसऱ्याच्या कष्टाचा खेळ करणे निराळे. फ्रान्सच्या मारी आंत्वानेत राणीसाठी १७८३ पासून व्हर्सायच्या बागेत एक लुटुपुटीचे खेडे उभारण्यात आले. गवती छपराची घरे, गोठा, गिरणी, दुधाची खोली. आणि साधा पांढरा मलमलीचा झगा घालून तिथे वावरणारी राणी. त्या खेड्यात सारे होते, फक्त सारा वसूल करणारा नव्हता. मला वाटते, नाटक कुठे सुरू होते ते इथे कळते. पोशाख घेतला, पण त्याचा प्रश्न वेशीबाहेर ठेवला, की ते नाटक.

कोणी म्हणेल, मग गांधीजींचे काय? २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेला त्यांनी सदरा-टोपी उतरवून गरिबाचा आखूड पंचा नेसला. तोही दुसऱ्याचाच पोशाख नव्हता का? होता. पण त्या पंचाबरोबर त्यांनी त्याचा प्रश्नही अंगावर घेतला. १९३१ साली लंडनला राजाच्या भेटीला जातानाही तो उतरवला नाही. सोयीच्या ठिकाणी घालायचा आणि गैरसोयीच्या ठिकाणी काढायचा, असा तो नव्हता.

पण एवढ्यावर थांबलो तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना निराळेच सांगितले. वरिष्ठ म्हणवणाऱ्या जातींच्या बायका लुगडे नेसतात तसे तुम्हीही नेसा. अस्पृश्यतेची खूण ठरलेले जड दागिने टाकून द्या. ते स्वतः नीटनेटका सूट घालीत. एकाने अंगावरचे उतरवले, दुसऱ्याने अंगावर चढवले; आणि दोघांचेही खरे होते. ज्याच्याजवळ आहे त्यालाच टाकून देता येते. ज्याला आजवर घालूच दिले नाही, त्याने घालणे हेच धैर्य. माझ्या शाळेत कातकऱ्याचे एक पोर होते. पहिल्या वर्षी गणवेश मिळाला तर ते रविवारीही तो घालून शाळेच्या पायरीवर येऊन बसे. त्याच्या बापाच्या लंगोटीत मला कितीही साधेपणा दिसला, तरी त्या पोराला त्यात काय दिसत होते, हे मी विसरून कसे चालेल? गरिबीचा पोशाख सुंदर म्हणण्याचा अधिकार गरिबी सुटलेल्यालाच फार लवकर मिळतो.

अलीकडचीच गोष्ट घ्या. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलानला प्राडा या बड्या कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारख्याच चपला मांडल्या, आणि त्या कुठल्या याचा उल्लेख केला नाही. कोल्हापुरीला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेले. महाराष्ट्र खवळला, आणि ते योग्यच झाले. कंपनीने मूळ मान्य केले. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटक इथल्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. मीही तेव्हा तावातावाने बोलणाऱ्यांत होतो. पण बोलता बोलता मला आठवले, की त्याच चपलेच्या जोडासाठी मी स्वतः आयुष्यभर कारागिराशी घासाघीस केली. त्याचे नाव मीही कधी विचारले नव्हते.

तेव्हा रात्रीच्या त्या विचारांतून माझ्या हाती एवढेच लागले, की कोट वाईट नाही. किंमत लपवावी लागणे वाईट. जिथे तो कष्ट करणाऱ्यासमोर ताठ मानेने घालता येत नाही, तिथे काहीतरी चुकले आहे. हे नातीला कसे सांगावे, याची मी जुळवाजुळव करीत होतो. मास्तरकीची सवय, दुसरे काय!

पण सांगण्याची वेळ आलीच नाही. हळवे भात कापणीला आले होते आणि आभाळाचा भरवसा नव्हता. सण बघून भात थांबत नाही. सकाळी वहिनी विळा घेऊन शेतावर गेली, मागोमाग आम्ही. बांधावरून पाहतो तो वहिनीने लुगड्यावर पुरुषाचा लांब बाह्यांचा सदरा चढवलेला. आमच्या भागातल्या बायका आता असाच सदरा घालून कापणी करतात. भाताची पात हाताला चरे पाडते, ऊन चटका देते. त्याचे हे उत्तर. इरले गेले, प्लॅस्टिकचा कागद आला. कोपरी गेली, जुना सदरा आला. मी अजून इरल्या-घोंगडीच्या आठवणी काढीत बसलो होतो, आणि इथल्या कष्टाचा खरा पोशाख हा असा समोर होता.

जवळ गेलो तेव्हा खिशावरचा तांबड्या शाईचा डाग दिसला. सदरा माझा होता. दर वर्षी दिवाळीला मी जुन्या कपड्यांचे एक गाठोडे गावी नेतो. जे कल्याणात घालायला मला लाज वाटू लागते, ते त्यात असते. आणि ते देताना आपण काही दिले असे समाधानही असते. खरे सांगतो, त्या बांधावर उभे राहून मला नातीच्या कोटाविषयी बोलण्याची हिंमत उरली नाही.

नातीने मोबाइल काढला. "मोठी आजी, तशीच थांब. फोटो काढते."

वहिनी थांबली, पण तशीच नाही. तिने सदरा उतरवून बांधावरच्या ऐनाच्या फांदीला अडकवला, तोंड पुसले, पदर नीट घेतला आणि मग सरळ उभी राहिली. "आता काढ. तो कामाचा सदरा, त्याचा फोटो काडतात व्हय?"

नातीने फोटो काढला. मग फांदीवरचा सदरा हातात घेऊन, मोठ्या आजीकडून कालच शिकल्यासारखा, तो उलटा केला. कोपरावर ठिगळ होते. खाली भोक होते, आणि त्याच्या कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी शिवलेल्या होत्या. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "मोठी आजी, अजून एखादा जुना सदरा आहे का?" कोट घरीच खुंटीला होता, त्या उन्हात तो घालणे शक्यच नव्हते. तासभर तिने वाकून भात कापले. पेंढ्या वेड्यावाकड्या बांधल्या गेल्या, त्या वहिनीने मुकाट्याने पुन्हा बांधल्या.

रात्री जेवणे झाल्यावर नातीने आपणहून कोटाची खरी किंमत सांगितली. ओसरीवर क्षणभर कोणी बोलले नाही. वहिनीने सुपारी कातरून संपवली.

"मंग नीट वापर," ती म्हणाली. "अन् फाटला म्हंजी हितं आन. मी लावून दीन ठिगळ."

कोट अजून फाटलेला नाही. नात तो रोज घालते. या दिवाळीला गाठोडे बांधायला बसलो, तेव्हा मी प्रत्येक सदरा आधी उलटा करून पाहिला.