गुपित कुणाच्या मालकीचे?

गेल्या दशकभरात इंग्रजी कादंबरीच्या वाचकांना एका विशिष्ट कथेने झपाटून टाकले आहे. घर सुखवस्तू असते, संसार चारचौघांसारखा दिसतो आणि एके दिवशी पत्नी नाहीशी होते. पोलीस येतात, शेजारी कुजबुजू लागतात, पतीच्या बोलण्यातील विसंगती एकेक करून उघडी पडते. मग रोजनिशीतून, जुन्या कागदपत्रांतून त्या घराचे निराळेच रूप बाहेर येते. पूर्वीच्या गुप्तहेरकथेत वाचक गुन्हेगाराला बाहेर कुठेतरी शोधत असे. या कथेत ज्याच्यावर संशय घ्यायचा तो माणूस रोज आपल्याच ताटासमोर जेवायला बसलेला असतो.

केवळ करमणूक म्हणून ही पुस्तके बाजूला सारणे सोपे आहे. परंतु लक्षावधी विवाहित स्त्री-पुरुष ती आवडीने वाचतात, त्यामागे त्यांच्या मनातील एखादा खरा प्रश्न असला पाहिजे. मला तो असा दिसतो : पती-पत्नींना एकमेकांपासून काही लपविण्याचा अधिकार आहे काय? आणि असेल, तर तो कुठवर?

ही कथा दिसते तितकी नवी नाही. विल्की कॉलिन्स यांची ‘द वुमन इन व्हाइट’ ही कादंबरी १८५९-६० मध्ये चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. मेरी एलिझाबेथ ब्रॅडन यांची ‘लेडी ऑडलीज सीक्रेट’ १८६२ साली आली. त्या काळाची पार्श्वभूमी लक्षात घेण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये १८५७ साली घटस्फोटाचा नवा कायदा झाला, दिवाणी न्यायालयात असे दावे चालू लागले आणि आजवर चार भिंतींआड राहिलेल्या गोष्टी वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचल्या. दुसरीकडे, विवाहित स्त्रीच्या मालमत्तेवर अद्याप बव्हंशी पतीचाच ताबा होता. कॉलिन्स यांच्या कादंबरीतील सर परसिव्हल आपल्या पत्नीचे धन गिळंकृत करण्यासाठी तिचे नावच पुसून टाकतो. तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या स्त्रीचा मृत्यू हा पत्नीचाच मृत्यू म्हणून खपविला जातो आणि जिवंत पत्नीला वेड्यांच्या इस्पितळात डांबले जाते.

या सर परसिव्हलचे स्वतःचे गुपित मात्र चर्चच्या विवाहनोंदवहीत दडलेले असते. त्याच्या आईवडिलांचा विवाह झालेलाच नव्हता. सरदारकी आणि इस्टेट आपल्याकडे राहावी म्हणून त्याने जुन्या वहीतील कोऱ्या जागेत खोटी नोंद घुसडलेली असते. त्या वहीची दुसरी प्रत अन्यत्र जपून ठेवलेली असते व तिच्यात ती नोंद नसते. ज्यांच्या ताब्यात अशा वह्या असतात, त्या आम्हा धर्मगुरूंना हा प्रसंग विशेष भिडतो. विवाहाची नोंद ही दोन माणसांची खासगी टिपणे नसतात. विवाहापूर्वी त्याची जाहीर वाच्यता केली जाते, साक्षीदार सह्या करतात. ज्यांना त्या विवाहाची झळ पोहोचू शकते, त्या सर्वांना ते जाणण्याचा हक्क आहे, ही समज या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी आहे.

या परंपरेतील पुढचे मोठे पुस्तक म्हणजे डॅफ्ने ड्यू मॉरिए यांची १९३८ सालची ‘रिबेका’. आपल्याकडील अनेकांना ती ‘कोहरा’ या १९६४ सालच्या हिंदी चित्रपटावरून आठवेल. निवेदन करणारी तरुण स्त्री ही मॅक्सिम द विंटरची दुसरी पत्नी. पहिली पत्नी रिबेका समुद्रात बुडून मेली, असे सर्वजण मानतात. एके दिवशी तिच्या बुडालेल्या नावेत तिचा मृतदेह सापडतो आणि मॅक्सिम कबूल करतो, की आपणच तिला गोळी घातली. त्या क्षणी या दुसऱ्या पत्नीच्या मनात कोणती भावना उसळते? भयाची नव्हे, मृत स्त्रीविषयीच्या करुणेचीही नव्हे. तिला हायसे वाटते, कारण आपल्या पतीचे रिबेकावर कधीच प्रेम नव्हते, हे तिला कळलेले असते. वाचकाचीही तीच गत होते. पुढच्या शंभरएक पानांत एक खुनी सुटावा म्हणून आपण श्वास रोखून बसतो. हिचकॉक यांनी १९४० साली यावर चित्रपट काढला, तेव्हा अमेरिकी चित्रपटांच्या आचारसंहितेनुसार पत्नीचा खुनी शिक्षेविना सुटू शकत नव्हता, म्हणून रिबेकाचा मृत्यू अपघाती दाखवावा लागला. कादंबरी मात्र आपल्याला ती सूट देत नाही. एखाद्याचे गुपित आपल्याला सांगितले गेले, की आपण त्याच्या बाजूचे होतो. जवळीक न्यायबुद्धीला किती सहज विकत घेते, याचा हा धडा आहे.

आता गिलियन फ्लिन यांच्या ‘गॉन गर्ल’कडे वळू. ती २०१२ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यानंतर अशा कादंबऱ्यांची रीघ लागली. न्यूयॉर्कमधील नोकऱ्या गेल्यामुळे निक व एमी हे दांपत्य मिसुरी राज्यातील निकच्या गावी येऊन राहते. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी एमी नाहीशी होते. पुस्तकाचा पूर्वार्ध निकचे निवेदन व एमीची रोजनिशी यांतून आळीपाळीने पुढे सरकतो आणि वाचक त्या रोजनिशीवर विश्वास टाकतो. मध्यावर उलगडा होतो, की एमी जिवंत आहे आणि बाहेरख्याली पतीला खुनाच्या आरोपात अडकविण्यासाठी तिनेच ती खोटी रोजनिशी लिहिली आहे. पुढे स्वतः एका पुरुषाची हत्या करून ती घरी परतते. आता दोघांनाही एकमेकांचे सारे ठाऊक आहे, लपविण्याजोगे काहीच उरलेले नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, त्यांचे घर तुरुंग होऊन बसते.

पती-पत्नींमध्ये कोणताच आडपडदा नसावा, असे आपण विवाहाच्या उपदेशात सर्रास सांगतो. एमी आणि निक यांच्यात तो खरोखरीच उरलेला नाही. म्हणजे सर्व ठाऊक असणे हे विवाहाचे साध्य होऊ शकत नाही. याउलट, प्रत्येकाचे खासगी जीवन ज्याचे त्याच्यापाशी, असे म्हणून सुटकाही होत नाही. ब्रॅडन यांच्या कादंबरीतील लेडी ऑडलीचा पहिला पती तिला व तान्ह्या मुलाला टाकून सोन्याच्या शोधात ऑस्ट्रेलियाला गेलेला असतो. ती स्वतःच्या मृत्यूची बतावणी करते आणि नव्या नावाने एका वृद्ध सरदाराशी विवाह करते. तिच्या दारिद्र्याविषयी आपल्याला कणव वाटते. परंतु ‘हे माझे खासगी आहे’ असे तिला म्हणता येणार नाही. त्या भल्या माणसाने जी शपथ घेतली, तिच्या पायाखालची जमीनच तिने काढून घेतली होती.

येथे जुन्या नीतिविचाराचा आधार घ्यावासा वाटतो. संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस असत्यावर ग्रंथ लिहून कोणत्याही असत्याला मुभा नाकारली. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तेच मत राखले, पण सोबत एक विवेकही सांगितला : असत्य बोलणे निषिद्ध आहे, मात्र सत्य शहाणपणाने झाकून ठेवता येते. झाकणे आणि फसविणे यांतील सीमारेषा कशी ओळखावी? ख्रिस्तसभेच्या १९८३ सालच्या कॅनन लॉमध्ये १०९८ क्रमांकाचा नियम नव्याने आला. संमती मिळविण्यासाठी कपटाने एखादी गोष्ट लपविली गेली आणि ती गोष्ट स्वभावतःच वैवाहिक सहजीवन गंभीरपणे बिघडवू शकणारी असेल, तर तो विवाह वैध ठरत नाही, असे तो सांगतो. हा नियम प्रत्येक गुपिताच्या मागे लागत नाही. ज्या गुपिताने दुसऱ्याची मोकळी संमती चोरली, त्यालाच तो हात घालतो.

यावरून दैनंदिन संसारासाठीही एक कसोटी निघते, असे मला वाटते. ज्या गोष्टीची किंमत माझा जोडीदार नकळत मोजतो आहे, ती गोष्ट माझ्या एकट्याच्या मालकीची राहिलेली नसते. घर गहाण टाकून काढलेले कर्ज, त्याच्या जिवाला धोका पोहोचविणारा आजार, दुसरा संसार ही अशी गुपिते होत. परंतु बहिणीने विश्वासाने सांगितलेली व्यथा, तरुणपणीचे मिटलेले दुःख, मनात अजून पिकत असलेला विचार, देवाशी केलेले हितगुज यांवर जोडीदाराचा हक्क पोहोचत नाही. ती आपण होऊन दिली, तरच त्यांना मोल असते.

ही कसोटी यंत्रासारखी वापरता येणार नाही. पॉला हॉकिन्स यांच्या ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ या २०१५ सालच्या कादंबरीतील रेचल मद्याच्या आहारी गेलेली आहे. नशेत आपण काय केले, हे तिला आठवत नाही आणि तिचा पती तिच्या आठवणींच्या जागी आपली खोटी हकिगत भरत राहतो. ज्याने दुसऱ्याच्या सत्याचीच लूट केली, त्याला सत्य मागण्याचा नैतिक अधिकार कोणत्या तोंडाने उरतो? छळ सोसणाऱ्या पत्नीने चार पैसे गुपचूप बाजूला ठेवले किंवा आसरा कुठे घेतला ते पतीला कळू दिले नाही, तर ती त्याला फसवीत नाही, स्वतःचा जीव राखते. मग इब्सेनची नोरा येते. मराठी रंगभूमीला ती अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’मुळे परिचित आहे. आजारी पतीचे प्राण वाचविण्यासाठी तिने वडिलांची खोटी सही करून कर्ज काढलेले असते. माझ्या कसोटीवर ती दोषी ठरते, कारण त्या कर्जाचे ओझे पतीच्याही नावलौकिकावर होते. पण गुपित फुटल्यावर पती आपल्या अब्रूची फिकीर करतो, तिच्या प्रेमाची नाही. आणि नोरा घर सोडून जाते. तिने सत्य का लपविले, याचे उत्तर त्याच्या त्या रागातच असते. ज्या घरात सत्य सांगण्याची सोय नसते, तेथील गुपिताचा दोष एकट्या लपविणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

पत्नी नाहीशी होण्याची एक सत्यकथाही आहे. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री रहस्यकथांच्या लेखिका अगाथा ख्रिस्ती घरातून निघून गेल्या. त्यांची मोटार वाटेत बेवारस सापडली. पतीचे दुसऱ्या स्त्रीवर प्रेम जडले होते आणि त्याने घटस्फोट मागितला होता. पोलीस आणि स्वयंसेवक रानेवने धुंडाळत होते. अकरा दिवसांनी त्या हॅरोगेट येथील एका हॉटेलात सापडल्या. तेथे त्यांनी त्या दुसऱ्या स्त्रीचेच आडनाव धारण केले होते. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे त्या जगल्या, रहस्ये रचली आणि उलगडली. पण १९७७ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्या अकरा दिवसांविषयी त्यांनी मौनच पाळले. आजही लोक त्या मौनाची कुलुपे खटखटावीत असतात. मला ते मौन आदरणीय वाटते.

फ्रेंच कॅथॉलिक तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल यांनी समस्या आणि रहस्य यांत भेद केला होता. समस्या माझ्यासमोर उभी असते. बाहेर राहून मी ती सोडवू शकतो. रहस्यात मी स्वतःच गुंतलेला असतो. त्याच्याबाहेर उभे राहायला मला जागाच नसते. या कादंबऱ्यांतील पती पत्नीला समस्या म्हणून पाहू लागतो, तेही ती नाहीशी झाल्यावर. निकला तिच्याविषयीच्या पोलिसांच्या साध्या प्रश्नांनाही धड उत्तरे देता येत नाहीत. समोर होती तेव्हा त्याने तिला काही विचारलेच नव्हते.

हा धोका परदेशी पुस्तकांपुरता मर्यादित नाही. जुलै २०२५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या एका दाव्यात, पतीने पत्नीच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेली संभाषणे पुरावा म्हणून दाखल करण्यास मुभा दिली. त्याच निकालात न्यायालयाने असेही सुचविले, की पती-पत्नी एकमेकांवर पाळत ठेवण्याच्या थराला पोहोचले असतील, तर ते नाते आधीच मोडल्याचे लक्षण होय. आज ज्याच्या त्याच्या खिशात असे यंत्र आहे. जोडीदाराचा मोबाइल चोरून चाळणाऱ्याला कदाचित एखादी माहिती मिळेलही. पण त्याच क्षणी त्याने स्वतःसाठी एक नवे गुपित निर्माण केलेले असते.

म्हणून या कादंबऱ्या वाचू नयेत, असे मी म्हणणार नाही. वाचून पुस्तक मिटल्यावर घरातल्या माणसाकडे संशयाने पाहण्याऐवजी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. माझ्या मौनाची किंमत या घरात दुसरे कुणी मोजते आहे काय? आणि माझ्याजवळ सत्य बोलायला या घरात कुणाला भीती वाटते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असेल, तर आज ना उद्या तोंड उघडावे लागेल. दुसऱ्याचे उत्तर होय असेल, तर आधी आपला आवाज खाली आणावा लागेल.