प्रभूचा खजिना



ऑगस्ट २०१९ मध्ये साताऱ्याच्या डोंगरांतले कोयनेचे पाणी कराडला कृष्णेला मिळाले आणि सांगलीत आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली. त्याच दिवसांत, १० ऑगस्टला, संत लॉरेन्सचा सण आला. इ. स. २५८ मध्ये रोमच्या अधिकाऱ्याने ख्रिस्तसभेचा खजिना मागितला, तेव्हा या डीकनने गोरगरिबांना त्याच्यापुढे उभे केले, असे परंपरा सांगते. आपल्याला मात्र कारभारीपण म्हटले की दानपेटीच आठवते. (पेटीही रिकामी नको, हे खरेच!) पण पाणी चढू लागले, तर मागच्या बाकावरच्या आजी कोणत्या गल्लीत राहतात, घरात एकट्याच असतात का, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकू? आज मिस्सानंतर लगेच गाडीला किक न मारता शेजारी बसलेल्यांचा पत्ता विचारून घेऊ या.