जर-तरचा न्याय

मागाहून सुचणाऱ्या शहाणपणाला मराठीत पश्चातबुद्धी म्हणतात, आणि त्या शहाणपणाची चेष्टा करणाऱ्या म्हणीही मराठीत आहेत. 'बैल गेला आणि झोपा केला' ही उशिराला हसते. 'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं' ही तर 'जर' या शब्दालाच हसते. इतकं हसूनही आपण जर-तर सोडलेलं नाही. मी गेली 22 वर्षं म्हैसूरला राहते. जवागल श्रीनाथ याच गावचा, त्यामुळे क्रिकेटवर बोलायचा हक्क इथे प्रत्येकाला जन्मतःच मिळतो. कन्नड, तमिळ, दखनी आणि आम्हा थोड्या लोकांची मराठी एकाच बाकावर बसते, आणि प्रत्येक भाषेतलं शेवटचं वाक्य एकच असतं. कन्नडमध्ये 'माडबेकागित्तु', मराठीत 'करायला हवं होतं'.

या वाक्याचा अधिकार काय, असा प्रश्न मला पडतो. ज्याने निर्णय घेतला त्याच्या हाती काही क्षण होते. आपल्या हाती चाळीस वर्षं आहेत. त्याला शेवट माहीत नव्हता. आपण शेवटापासूनच सुरुवात करतो. अशा विषम लढतीतून निघालेला निवाडा न्याय्य असू शकतो का?

उदाहरण घेऊ. 4 सप्टेंबर 1979, ओव्हल. इंग्लंडने भारतासमोर 438 धावांचं लक्ष्य ठेवलं होतं. तोवर कसोटीत चौथ्या डावात जिंकण्यासाठी झालेल्या सर्वांत जास्त धावा 406, आणि त्याही भारताच्याच, 1976 साली पोर्ट ऑफ स्पेनला. शेवटच्या दिवशी सुनील गावसकर आणि चेतन चौहान यांनी सलामीची भागी 213 धावांपर्यंत नेली, मग दिलीप वेंगसरकरने गावसकरला साथ दिली. शेवटची अनिवार्य 20 षटकं सुरू झाली तेव्हा भारत एक बाद 328 होता. हव्या होत्या 110 धावा, हाती होते नऊ गडी.

366 वर वेंगसरकर बाद झाला. 72 धावा उरल्या होत्या. आता गुंडप्पा विश्वनाथ यायचा, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. त्याच मालिकेत लॉर्ड्सवर त्याने शतक काढलं होतं. कर्णधार वेंकटराघवनने पाठवलं 20 वर्षांच्या कपिल देवला. घड्याळ पुढे सरकत होतं, धावा लवकर हव्या होत्या. कपिल शून्यावर गेला. नंतर यशपाल शर्मा आला, तरीही विश्वनाथ नाही. 389 वर गावसकर 221 धावा करून बाद झाला, तेव्हा कुठे विश्वनाथ मैदानात उतरला आणि 15 धावा करून परतला. सामना आठ बाद 429 वर थांबला. नऊ धावा कमी पडल्या. त्या नऊ धावा आजही मोजल्या जातात. पुढच्या मालिकेत वेंकटराघवन कर्णधार राहिला नाही.

'विशीला का नाही पाठवलं?' हा भारतीय क्रिकेटमधला बहुधा सर्वांत टिकाऊ जर-तर आहे. पण तोच कपिल घ्या आणि अकरा वर्षं पुढे या. 1990, लॉर्ड्स. फॉलोऑन टाळायला भारताला 24 धावा हव्या, हाती एकच गडी, आणि समोर उभा आहे नरेंद्र हिरवाणी. कपिलने एडी हेमिंग्जला सलग चार षटकार मारले आणि बरोबर 24 धावा केल्या. पुढच्या षटकात हिरवाणी लगेच बाद झाला. आपण त्या चार षटकारांना द्रष्टेपण म्हणतो: शेवटच्या गड्याचा भरवसा नाही हे त्याने ओळखलं, वगैरे. त्यातला एक चेंडू सीमारेषेवरच्या हातात विसावला असता तर आपण त्याच कृतीला बेजबाबदारपणा म्हटलं असतं, आणि तेही तितक्याच आत्मविश्वासाने. कृती एक, विचार एक. विशेषण मात्र चेंडू कुठे पडला त्यावर ठरलं.

हा आजार आपल्याच खेळाचा नाही. अमेरिकन फुटबॉल हा तर जवळजवळ घड्याळाशीच खेळायचा खेळ. 1 फेब्रुवारी 2015 च्या सुपर बोलमध्ये सिअ‍ॅटलचा संघ 24-28 असा मागे होता आणि चेंडू गोलरेषेपासून एका यार्डावर होता. 26 सेकंद उरलेले. चेंडू मार्शॉन लिंचच्या हाती देऊन त्याला सरळ आत घुसू द्यावं, असं सगळ्या देशाला वाटत होतं. प्रशिक्षक पीट कॅरल यांनी चेंडू फेकायला सांगितलं. मॅल्कम बटलर नावाच्या फारशा कुणाला माहीत नसलेल्या खेळाडूने तो मधल्यामध्ये पकडला आणि सामना संपला. या निर्णयाला इतिहासातला सर्वांत वाईट म्हणणारे पुष्कळ निघाले. पण त्या खेळात फेकलेला चेंडू झेलला गेला नाही तर घड्याळ थांबतं, आणि धावणारा अडवला गेला तर ते चालूच राहतं. सिअ‍ॅटलकडे खेळ थांबवण्याची एकच सवलत उरली होती. म्हणजे एकदा फेकून पाहिलं तर तेवढ्या वेळात आणखी दोन प्रयत्न बसत होते. हे गणित कुणाला पटो न पटो, ते वेडेपणाचं नव्हतं. शेवट वाईट झाला म्हणून गणित वेडं ठरलं.

इथवर आलं की एक शहाणं उत्तर तयार असतं: निर्णय तपासा, निकाल नको. आपल्याला ते नवं वाटू नये. फळावर नजर ठेवू नये, ही गीतेची शिकवण आपण पाळत नसलो तरी ऐकत आलो आहोत. टिळकांनी तर 'गीतारहस्या'त पाश्चात्त्य सुखवाद्यांशी वाद घालताना हेच ठासून मांडलं की कर्माची नैतिक किंमत त्याच्या बाह्य परिणामावरून ठरवता येत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते.

पण मला हे उत्तर पुरत नाही. एक तर, निकाल कुणाला तरी भोगावा लागतो. दारू पिऊन गाडी चालवणारे दोघे. एक सुखरूप घरी पोचतो, दुसऱ्याच्या गाडीसमोर मूल येतं. दोघांची बुद्धी सारखीच भ्रष्ट होती म्हणून आपण दोघांकडे सारख्याच नजरेने पाहू का? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी 1976 मध्ये याच कोड्याला नैतिक नशीब असं नाव दिलं. आपल्या हातात नसलेल्या गोष्टी आपल्या दोषाचं वजन बदलतात, हे तर्काला पटत नाही आणि मनातून जातही नाही. दुसरं असं, की 'निकाल पाहू नका' हे सत्ताधाऱ्याचं आवडतं वाक्य होऊ शकतं. पूल पडल्यावर, पैसे बुडाल्यावर, 'त्या वेळी उपलब्ध माहितीनुसार निर्णय योग्यच होता' असं म्हणणारं कुणी ना कुणी भेटतंच. मागाहून प्रश्न विचारायची बंदी घातली तर जबाबदारी नावाची गोष्टच उरणार नाही.

हा प्रश्न माझ्यासाठी मैदानावरचा राहिलेला नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना मध्यरात्री त्रास सुरू झाला. मी गावात नव्हते. थोरली बहीण त्यांना इथल्याच दवाखान्यात घेऊन गेली. पहाटेपर्यंत दोन वाटा तिच्यासमोर होत्या: इथेच उपचार चालू ठेवायचे, की रुग्णवाहिकेतून बंगळूरला न्यायचं. तेव्हा नवा रस्ता झाला नव्हता, त्या प्रवासाला तीन तास लागायचे. वडील हलवण्याच्या स्थितीत आहेत की नाहीत, यावर डॉक्टरांचंही एकमत नव्हतं. तिने थांबायचं ठरवलं. वडील सकाळी गेले. दहाव्याला पुण्याहून आलेला आमचा चुलतभाऊ अगदी हळव्या स्वरात म्हणाला, 'बंगळूरला न्यायला हवं होतं गं, ताई.' वाईट हेतूने नाही. पण ते वाक्य त्या घरात अजून आहे. रस्त्यात गेले असते तर त्याच माणसाने, त्याच स्वरात, 'हलवायला नको होतं' असं म्हटलं असतं, हे मला माहीत आहे. ते बहिणीलाही माहीत आहे. माहीत असण्याचा उपयोग होत नाही.

त्या वाक्यात नेमकं चुकीचं काय होतं, हे शोधताना मला क्रिकेटचाच आधार मिळाला. ओव्हलच्या त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली, जिची चर्चा कमी होते. चहापानानंतर अनिवार्य षटकं सुरू होईपर्यंतच्या अर्ध्या तासात माइक ब्रिअर्लीच्या इंग्लंडने फक्त सहा षटकं टाकली. चेंडू कमी तर धावा कमी. नियम मोडला नव्हता, वेळ मात्र खाल्ला होता. हे योग्य होतं का? आता एक प्रयोग करून पाहा. भारत तो सामना जिंकला असता असं धरा. विश्वनाथबद्दलचा प्रश्न तत्क्षणी नाहीसा होतो. कपिल शून्यावर गेला हे कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं. पण सहा षटकांचा प्रश्न जिथल्या तिथे उभा राहतो. प्रतिस्पर्ध्याचा वेळ खाणं हे खेळाच्या चौकटीत बसतं का, याचं उत्तर कुणीही जिंकलं तरी बदलत नाही.

मला वाटतं, मागाहून विचारलेल्या प्रश्नाची हीच कसोटी असावी. निकाल उलटा करून पाहायचा. प्रश्न टिकला तर तो विचारायचा आपल्याला हक्क आहे, बहुतेकदा ते कर्तव्यही आहे. प्रश्न विरघळला तर तो प्रश्न नव्हताच. ते आपलं दुःख होतं, आणि दुःखाला उभं राहायला कुणाचा तरी खांदा हवा होता. दारुड्या चालकाला ही कसोटी सोडत नाही: सुखरूप पोचलेल्यालाही 'पिऊन गाडी का चालवलीस?' हे विचारता येतं, विचारायला हवंच. सत्ताधाऱ्यालाही ती सोडत नाही: पूल उभा राहिला असता तरी तपासणी का टाळली, हा प्रश्न उरतोच. मूल गेलं त्याच्यावर अधिक ओझं येतं, ते येणारच. पण ते ओझं म्हणजे जास्तीचा मूर्खपणा नव्हे. वेंकटराघवनलाही एक टिकाऊ प्रश्न विचारता येईल: इतका मोठा पाठलाग जमू शकतो हे दिसू लागल्यावर फलंदाजीचा क्रम आधी ठरवला होता का, गावसकरशी बोलणं झालं होतं का? कपिलने वीस चेंडूंत चाळीस धावा कुटल्या असत्या तरी हे विचारता आलं असतं. फक्त तेव्हा कुणी विचारलं नसतं. आपली खरी लबाडी तिथे आहे. पराभवाची आपण चिरफाड करतो आणि विजयाला हार घालतो. निकालाच्या आंधळेपणातून सुटायचं असेल तर जिंकलेल्या दिवशीही तेवढीच कठोर विचारपूस करायला हवी.

एक गोष्ट मात्र या कसोटीतही बसत नाही, आणि ती मला अधिक टोचते. 31 जानेवारी 1999, चेन्नई, पाकिस्तानविरुद्धची कसोटी. लक्ष्य 271. सचिन तेंडुलकर दुखऱ्या पाठीने 136 पर्यंत आला. 17 धावा उरल्या असताना त्याने सकलेन मुश्ताकला उंच मारलं आणि झेल गेला. उरलेल्या तिघांनी मिळून चार धावा जोडल्या. शेवटी बाद झाला तो आमचा श्रीनाथ. भारत 12 धावांनी हरला. 'तो फटका का मारला?' हे मी महाराष्ट्रात आणि म्हैसुरात सारखंच ऐकलं आहे. नंतरच्या तिघांना फारसं कुणी विचारत नाही. वरच्या फळीतल्या इतरांना तर मुळीच नाही. सामना जिथे हरलेलाच होता तिथून ज्याने तो हातभर अंतरावर आणून ठेवला, त्यालाच ते हातभर अंतर मोजून दाखवलं जातं. दोष सर्वांत जास्त चुकलेल्याला मिळत नाही. शेवटपर्यंत जो उभा होता त्याला मिळतो.

घरातही हेच होतं. आजारपणात जे लांब होते त्यांच्याकडे कसलाच निर्णय नव्हता, म्हणून त्यांच्याकडे चूकही नाही. जी जवळ होती तिच्याकडे निर्णय होता, म्हणून जर-तरही तिच्याच वाट्याला आले. चुलतभावाला खरंच काही विचारायचं असतं तर विचारता आलं असतं, आणि वडील वाचले असते तरी तो प्रश्न टिकला असता: त्या रात्री तुझ्याबरोबर कोण होतं? त्याचं उत्तर देणं मात्र एकट्या ताईचं काम नव्हतं.