औषधांची वही

जपानात नोकरीसाठी गेलेला माणूस पहिल्यांदा आजारी पडतो, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन औषधांच्या दुकानात जातो, तेव्हा गोळ्यांबरोबर त्याला एक छोटीशी वही मिळते. औषधाचं नाव, किती घ्यायचं, किती दिवस घ्यायचं, सगळं छापलेला स्टिकर तिच्यात चिकटवतात. पुढे गाव बदललं, डॉक्टर बदलले, तरी वही तीच.

तिथे सगळ्यांसाठी आरोग्य विमा १९६१ पासून आहे. तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसालाही त्यात नाव घालावं लागतं, आणि नोकरीच्या वयात बिलाचा ३० टक्के भाग आपण भरायचा असतो. एवढी व्यवस्था उभारणं तुमच्या-माझ्या हातात नाही. वही मात्र आहे, म्हणून मला तीच जास्त मोलाची वाटते. १९९३ मध्ये नागिणीवरचं एक नवं औषध आणि कर्करोगाचं औषध एकाच वेळी पोटात गेल्यानं तिथे अनेक माणसं दगावली. एका डॉक्टरांनी काय दिलंय, ते दुसऱ्यांना ठाऊक नव्हतं. त्यानंतर या वहीचा आग्रह वाढला. २०११ च्या त्सुनामीत दवाखान्यांतली कागदपत्रं वाहून गेली. ज्यांच्याजवळ वही होती, त्यांचं रोजचं औषध कोणतं हे तेव्हा लगेच कळलं.

आपल्याकडे डॉक्टर विचारतात, "आजी, कुठल्या गोळ्या चालू आहेत?" आजी सांगतात, "सकाळची पांढरी आणि रात्री अर्धी गुलाबी." बीपीचे डॉक्टर वेगळे, गुडघ्याचे वेगळे, शिवाय कुणीतरी सुचवलेलं चूर्ण. ते तर कुणाला सांगितलेलंच नसतं.

आज संध्याकाळी आईजवळ बसा. मुलांची एखादी अर्धी कोरी वही चालेल. गोळ्यांची पाकिटं पुढ्यात घ्या. नाव, मिलिग्रॅमचा आकडा, कुणी दिली, केव्हापासून, हे लिहा. काढा-चूर्णही लिहा. कुठलं औषध सोसत नाही, ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. घाई करू नका. कारण लिहिता लिहिताच आई हळूच सांगेल, की ती दुपारची गोळी महाग आहे म्हणून एक दिवसाआड घेते. हे फोनवर कधी कळलं नसतं. तेही लिहा, आणि पुढच्या खेपेला तिच्याबरोबर डॉक्टरांकडे तुम्ही जा.