ज्याचा बळी सांपडत नाहीं असा गुन्हा

गुन्हा म्हटला कीं दोन माणसें डोळ्यांपुढें उभीं राहतात : एक करणारा व दुसरा सोसणारा. परंतु कांहीं गुन्ह्यांत हा दुसरा माणूस शोधूं गेलें तर सांपडत नाहीं. जुगाराच्या अड्ड्यावर बसलेले सर्व राजीखुषीनेंच बसलेले असतात. फिर्याद द्यावी लागते ती सरकारला. अशा कृत्यांस पाश्चात्त्य विचारवंत ‘बळीविरहित गुन्हे’ म्हणतात. दुसऱ्याची हानि टाळण्यापुरतीच समाजानें व्यक्तीवर बळजबरी करावी, हें तत्त्व मिलनें १८५९ सालींच सांगून ठेवलें. परंतु हानि कशास म्हणावयाचें? सारा वाद येथेंच आहे.

आम्हां पनवेलकरांस हा वाद पुस्तकांत शोधावयास नको. येथील डान्स बारांचा प्रश्न पनवेलचे तेव्हांचे आमदार विवेक पाटील यांनीं मार्च २००५ मध्यें विधानसभेंत मांडला, व गृहमंत्री आर. आर. पाटील यांनीं बंदी जाहीर केली. मुंबई पोलीस कायद्यांत ३३-अ व ३३-ब हीं कलमें घालण्यांत येऊन १५ ऑगस्ट २००५ पासून बार बंद झाले.

गाऱ्हाणें खोटें होतें असें मी म्हणणार नाहीं. जमिनीच्या मोबदल्याचा पैसा रात्रींत उडाला, घरांत भांडणें झालीं, असें तेव्हां आम्ही नित्य ऐकत होतों. बळी नाहीं म्हणून दुःखही नाहीं, असें मानणें हा निव्वळ शब्दच्छल होय. परंतु दुःख आणि अपराध हीं एक नव्हेत. मुलीच्या लग्नांत ऋण काढून पंगती उठविणाराही घर बुडवितो; त्याला आपण तुरुंगांत धाडीत नाहीं, उलट त्याच्या मांडवांत जेवून येतों.

शिवाय कलम ३३-ब नें तीन ताऱ्यांच्या व त्यांहून वरच्या हॉटेलांस मोकळीक दिली होती. नाचानें नीति बिघडत असेल तर ती श्रीमंताचीही बिघडावी! हा भेद न्यायालयांत टिकला नाहीं. उच्च न्यायालयानें २००६ मध्यें बंदी अवैध ठरविली व सर्वोच्च न्यायालयानें १६ जुलै २०१३ रोजीं तो निर्णय कायम केला. सरकारनें पुन्हां कायदे केले. १७ जानेवारी २०१९ च्या निकालानें त्यांतील अनेक अटीही रद्द झाल्या.

या खटल्यांतील एक गोष्ट मला विशेष विचार करावयास लावते. नाचणाऱ्या स्त्रियांची पिळवणूक थांबविण्यासाठीं बंदी आहे, असें सरकारचें म्हणणें होतें. परंतु त्या स्त्रियांची संघटनाच बंदीविरुद्ध न्यायालयांत गेली. जिला बळी म्हटलें तीच आपल्या तारणाऱ्यावर फिर्याद करूं लागली. तिची संमति गरजेपोटीं होती, असा आक्षेप कोणी घेईल. असेलही. परंतु काम बंद केल्यानें गरज बंद होत नाहीं. जेथें मुलगी अल्पवयीन होती किंवा फसवून आणलेली होती, तेथें खरा बळी होता. त्यासाठीं १९५६ पासूनचा अनैतिक व्यापाराविरुद्धचा कायदा होताच.

‘बळीविरहित’ हा शब्द म्हणूनच निकाल नव्हे, प्रश्न आहे. बळी कोण, हें कायदा करणाऱ्यानें आधीं त्या माणसास विचारावें, व कायद्यानें नवे बळी तर निर्माण होत नाहींत ना, हें मागाहून पाहावें.

हें मी शहाणपणाच्या उंचीवरून लिहीत नाहीं. २००५ सालीं बार बंद झाले तेव्हां आम्ही प्राध्यापक मंडळींनीं चहा पीत समाधान व्यक्त केलें : गांव स्वच्छ झालें. त्या स्त्रिया दुसऱ्या दिवशीं कोठें गेल्या, त्यांच्या मुलांच्या शाळेची फी कोणीं भरली, हें आमच्यांपैकीं कोणींच विचारलें नाहीं. मींही नाहीं. या आमच्या न विचारण्याला कोणत्याही कायद्यांत कलम नाहीं. पण त्याला बळी मात्र होते.