सप्ताह आणि सामने



दत्तजयंतीच्या पारायणासाठी नावनोंदणी सुरू झाली की मंदिरात एक वाक्य दरवर्षी कानावर येतं. "आताच्या लोकांना देवासाठी सात दिवससुद्धा निघत नाहीत हो!" बोलणारे बहुतेक आमच्याच वयाचे, साठी-सत्तरीतले. आणि समोर उभा असलेला चाळिशीतला गृहस्थ ओशाळून सांगतो, "काका, मुलाच्या मॅचेस आहेत, धाकटीचं गॅदरिंग आहे, शिवाय त्याच आठवड्यात वाढदिवस. पुढच्या वर्षी नक्की." पुढच्या वर्षीही तेच होतं, हे दोघांनाही ठाऊक असतं.

या ठिकाणी खरं कोणाचं, हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षं आहे. घरातल्या मुलांचे सामने, वाढदिवस, सुट्या यांत जो वेळ जातो तो देवाच्या वेळेतून चोरलेला आहे का? की तोही गृहस्थधर्मच आहे? दत्तभक्तांना हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त छळतो. कारण आपला उत्सव येतो मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे डिसेंबरात, आणि शाळांचे खेळ, स्नेहसंमेलनं, नाताळची सुटी हे सगळं त्याच महिन्यात कोंबलेलं असतं. 2023 साली दत्तजयंती 26 डिसेंबरला आली, निम्मी सोसायटी कोकणात फिरायला गेलेली. 2024 ला 14 डिसेंबर, शनिवार. 2025 ला 4 डिसेंबर, गुरुवार, म्हणजे योग उत्तम, पण मुलांच्या खेळाचा तो ऐन हंगाम. तिथी पुढेमागे सरकते, पण मुलांच्या वेळापत्रकातून काही सुटत नाही.

पूर्वी घरं रिकामी होती आणि आता भरली, असंही नाही. आमच्या लहानपणी श्रावणात एक दिवस मोकळा नसायचा. नागपंचमी, राखी पौर्णिमा, गोकुळाष्टमी, पाठोपाठ गणपती, मग घट, दिवाळीचा किल्ला, संक्रांत, मेच्या सुटीत मामाचं गाव. पण त्यात एक मोठी सोय होती. सगळ्या घराचा हंगाम एकच होता. सण आला तर शाळेला सुटी, शेतावरच्यांना सुटी, आजीची पूजा आणि पोरांची पुरणपोळी एकाच ताटात. निवडायची वेळच येत नव्हती. आता आमच्या घरात सहा माणसं आणि सहा वेळापत्रकं आहेत. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दूध आणि गॅसच्या नोंदी, सूनबाईंच्या मोबाइलमध्ये मुलांचे वर्ग, चिरंजीवांच्या कंपनीची पाळी वेगळी. जूनला शाळा, पावसाळ्यात तालुक्याचे सामने, तिथून जिल्हा, मग विभाग. एप्रिलमध्ये पोहणं, मेमध्ये शिबिर. त्यामुळे आज जे रोज निवडावं लागतं ते आमच्या वडिलांना वर्षातून एकदाही निवडावं लागलं नसेल. "आम्ही देवाला वेळ देत होतो" असं म्हणताना हे विसरू नये.

आता ग्रंथ काय सांगतो ते पाहू. अध्यायांच्या कथा वाचकांना पाठ आहेत, मी फक्त मला कुठे अडखळायला झालं ते लिहितो.

छत्तिसाव्या अध्यायात गाणगापूरचा तो ब्राह्मण आहे, परान्न न घेण्याचा नियम कडक पाळणारा. बायकोला मात्र लोकांकडची आमंत्रणं आली की जावंसं वाटे. तिने श्रीगुरूंपाशी गाऱ्हाणं घातलं. श्रीगुरूंनी त्या ब्राह्मणाला बोलावून तिच्यासह जेवायला जायला सांगितलं. पुढे त्या पंक्तीत तिला काय दिसलं आणि तिचंच मन कसं विटलं, ते आपण वाचतो. कथेचा शेवट नियमाच्याच बाजूने होतो, यात शंका नाही. पण मी दरवर्षी थांबतो तो आधीच्या पायरीवर. नियम मोडण्याची आज्ञा खुद्द गुरूंनी दिली. घरातल्या माणसाचं मन मारून पाळलेला नियम त्यांनी तसाच चालू ठेवायला सांगितला नाही. आधी तिची इच्छा पुरी करायला लावली, मग आचारधर्म सांगितला. नातवाचा वाढदिवस सप्ताहात येतो आणि सगळे हॉटेलात जायला निघतात तेव्हा मला हा अध्याय आठवतो. मी तिथे काही खात नाही, पण जाऊन बसतो. लिंबूपाणीसुद्धा घेत नाही, याचं तिथल्या पोऱ्याला फार वाईट वाटतं!

पण लगेच समोर येतो चव्वेचाळिसाव्या अध्यायातला विणकर. घरचे सगळे शिवरात्रीला श्रीशैलाच्या यात्रेला निघाले. त्यांनी त्यालाही चल म्हटलं. तो गेला नाही. माझा श्रीशैल इथेच आहे, म्हणून रोजच्यासारखं मठाचं अंगण झाडत राहिला. मग श्रीगुरूंनीच त्याला श्रीशैलाचं दर्शन घडवलं. म्हणजे सगळं कुटुंब सहलीला गेलं आणि हा एकटा आपल्या नेमावर राहिला, आणि कृपा त्याच्यावर झाली! छत्तिसावा अध्याय दाखवून जो सुटू पाहतो त्याला हा अध्याय धरून आणतो. एक मात्र खरं, की हा विणकर संसार टाकलेला नव्हता. आपला धंदा आणि घर सांभाळून उरलेल्या वेळात झाडू मारणारा होता. आणि तो मागे राहिल्याने कोणाचं काही अडलं नव्हतं. यात्रेला जाणारे जाऊन आले. मला वाटतं भेद इथे आहे. मी गेलो नाही तर काही अडतं का, हा पहिला प्रश्न.

2024 साली आमच्याकडे अडलं. नातू चौदा वर्षांखालच्या खो-खो संघात. आमच्या सांगली भागात खो-खोचं वेड जुनं आहे, ते काही मी लावलेलं नाही. बाहेरगावची दोन दिवसांची स्पर्धा, नेमकी सप्ताहाच्या आठवड्यात. चिरंजीवांना रजा नाही, सूनबाईंना वर्षअखेरीचं काम, शाळेने पालकांपैकी कोणीतरी बरोबर हवं असं कळवलेलं. उरलो मी. संकल्प सोडला की पारायण खंडित करता येत नाही, म्हणून संकल्प सोडण्याआधीच ठरवलं आणि त्या वर्षी सप्ताहाला बसलो नाही. पारायण केलं ते माघात, गुरुप्रतिपदेच्या आधी. एका स्नेह्यांनी विचारलं, "मग ते आजोबा म्हणून मॅचला जाणं हीच सेवा, असंच ना?" मी म्हटलं, नाही. हल्ली हे फार सोपं झालंय. कामावर जाणं हीच पूजा, मुलांना वेळ देणं हीच पूजा, मग पूजा तेवढी राहिली. सामना पाहणं म्हणजे सामना पाहणं. त्यातून त्रेपन्न अध्यायांचं पुण्य माझ्या खात्यात जमा झालं, असं मी, सारा जन्म बँकेत जमा-नावे लिहिणारा माणूस, तरी लिहिणार नाही. एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात नुसती दाखवून चालत नाही. ते कर्तव्य होतं, उपासना नव्हती, आणि कर्तव्यालाही स्वतःची किंमत असते.

पण कर्तव्य कुठे संपतं आणि मोह कुठे सुरू होतो? याचं उत्तर त्या मैदानावरच सापडलं असं मला वाटतं. खो-खोच्या संघात बारा मुलं असतात, खेळतात नऊ, तिघं राखीव. आमचा नातू दोन्ही दिवस राखीव होता. एकदाही उठला नाही. मैदानाच्या कडेला पाण्याची बाटली धरून बसला होता आणि मी त्याच्या मागे चार हातांवर. शेजारी एक गृहस्थ होते, त्यांचा मुलगा पहिल्या दिवशी उत्तम खेळला. दुसऱ्या दिवशी त्याला बसवलं, तर हे गृहस्थ तासाभरात निघूनच गेले. पोरगा सारखा मागे वळून पाहत होता. त्यांच्यावर टीका करायची नाही, त्यांना काही काम असेलही. पण मला तिथे एक मोजमाप मिळालं. मूल खेळतंय, जिंकतंय, फोटो निघतायत म्हणून जर मी जात असेन, तर तो माझाच लौकिक, त्याच्या नावावर. मूल राखीव असताना जातो तेव्हा जाण्यात माझं काही नसतं. वाढदिवसालाही हेच लावून पाहा. औक्षण करताना मूल समोर असतं. हॉलमध्ये दीडशे माणसं, परतभेटीच्या पिशव्या, ठरवून आणलेला फोटोवाला, यात मूल कुठे असतं ते शोधावं लागतं. सुटीचंही तसंच. चार दिवस वाडीला राहून मुलांना कृष्णेत पाय बुडवू देणं वेगळं आणि सात दिवसांत अकरा ठिकाणं उरकून दमून येणं वेगळं. आपण ज्याला "मुलांसाठी" म्हणतो त्यातलं निम्मं तरी शेजाऱ्यांसाठी असतं, असं माझं मत झालं आहे. सूनबाईंना हे पूर्ण मान्य नाही, तेही इथे नमूद करतो.

अवधूताने केलेल्या चोवीस गुरूंमध्ये कपोत आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधातली ती गोष्ट सांगून आम्हा म्हाताऱ्यांना नेहमी बजावलं जातं की नातवंडांत अडकू नका. पिल्लं जाळ्यात सापडली, मादीने उडी घेतली, आणि शेवटी कपोतानेही. पण अवधूताने ज्याला दोष दिला तो अतिस्नेह. घरटं बांधणं, चारा आणणं, पिल्लांचे बोबडे बोल ऐकून सुखावणं इथपर्यंत तो पक्षी आपलं कामच करत होता. चूक झाली ती, पिल्लांवाचून आपलं काही उरलंच नाही असं त्याने मानलं तिथे. आणि ते "काही उरणं" म्हणजेच आपला नेम, आपला ग्रंथ, आपली आरती. तेव्हा नेम हा मुलांच्या विरुद्ध नसतोच. आजोबांपाशी मुलांखेरीज काही असेल तर मुलांवरही आजोबांचं ओझं पडत नाही.

म्हणून दुसरी बाजूही तितक्याच जोराने मांडतो. खेळाची वेळ सरकत नाही, गॅदरिंगची सरकत नाही, विमानाची तर नाहीच. दर वेळी देवाचीच वेळ का सरकते? कारण देव तक्रार करत नाही. मुलं हे पाहत असतात. दहा वर्षं त्यांनी पाहिलं की आरती कधीही पुढे ढकलता येते, तर त्यांना कळतं की घरात सगळ्यांत कमी महत्त्वाची गोष्ट ती. आपण तोंडाने काहीही शिकवलं तरी. उलट सात दिवस "शिवू नका, आवाज करू नका" म्हणून मुलांना खोलीबाहेर ठेवलं तर त्यांच्या दृष्टीने दत्त महाराज म्हणजे दटावणारे कोणीतरी होतात. दोन्ही नको. आमच्या घरी म्हणून आम्ही एकच गोष्ट पक्की केली आहे: गुरुवारची संध्याकाळची आरती, सव्वासात वाजता, पंधरा मिनिटं. घरात जो असेल तो उभा राहतो, पाय धुतले की झालं, गुडघ्याला मैदानाची माती असली तरी चालते. आणि दत्तजयंतीला संध्याकाळी जन्माच्या वेळी सगळ्यांनी मंदिरात यायचं. तोही वाढदिवसच आहे की! पाळण्याची दोरी ओढायला नातवंडांची भांडणं होतात, त्याचा मला आनंदच आहे.

पाळणा म्हटला की चौथा अध्याय आठवतोच. अनसूयेपुढे देवांनी अट अशी घातली की ती पाळावी तर पातिव्रत्याला बाधा, नाकारावी तर अतिथी विन्मुख. दोन धर्म एकमेकांसमोर उभे. तिने यातला एक सोडून दुसरा धरला नाही. देवच बाळं झाले आणि तिने त्यांना स्तनपान दिलं, पाळण्यात निजवलं. आपल्या अंगी ते सामर्थ्य नाही हे उघड आहे. आपल्याला बहुधा एक वेळ एकाला आणि दुसरी वेळ दुसऱ्याला द्यावी लागते, आणि ज्याला आज दिली नाही त्याची उद्या आठवण ठेवावी लागते. पण ज्या देवाचा जन्मच गृहिणीच्या अशा पेचातून झाला, त्याला चाळिशीतल्या त्या गृहस्थाची ओढाताण कळत नसेल, असं मला म्हणवत नाही.

तेव्हा विश्वस्तांना एक विनंती. सप्ताहाचं वाचन सकाळीच ठेवलं जातं, ते आम्हा निवृत्तांच्या सोयीचं आहे. नोकरी आणि मुलं सांभाळणाऱ्यांसाठी जयंतीव्यतिरिक्त आणखी एक सप्ताह माघात, गुरुप्रतिपदेला धरून ठेवता येईल. त्या दिवसांत मुलांच्या परीक्षा अजून लागलेल्या नसतात आणि खेळांचा जोरही ओसरलेला असतो. नोंदवहीत त्यासाठी वेगळं पान काढायला मी तयार आहे, अक्षर अजून बरं आहे.

जानेवारीपासून धाकट्या नातीचा स्केटिंगचा वर्ग गुरुवारी सातला होणार, असं तिच्या सरांनी सांगितलंय. सूनबाईंनी त्यांना बुधवार मिळेल का म्हणून विचारलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.