घरची शाळा व मुलाचा कौल

अकरा ते चौदा वर्षांच्या मुलास घरीं शिकवावें कीं शाळेंत, हा वाद बहुधा आईबाप व सरकार या दोघांतच चालतो. १९७२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें आमिश पंथीयांस आठवीनंतर मुलें शाळेंतून काढण्याची मुभा दिली. तेव्हां न्यायमूर्ति डग्लस यांनीं एकट्यानेंच विचारिलें, कीं ज्या मुलांची साक्ष झाली नाहीं त्यांच्या इच्छेचें काय? आमच्या २००९ च्या कायद्यांत हक्क मुलाचा. शाळेंत घालण्याचें कर्तव्य मात्र आईबापांचें. आई गणित उत्तम शिकवील (कित्येक मास्तरांहून सरस, हेंही खरें). पण बाराव्या वर्षीं मूल मास्तरांची कागाळी घेऊन आईजवळच येतें. आईच मास्तर झाली, तर त्यानें कोणाकडे जावें? घरीं शिकवावयाचेंच, तर दर जूनमध्यें आम्ही त्याचें मत घेऊं, आणि तें ‘शाळेंत जातों’ म्हणालें, तर मुकाट्यानें दप्तर आणूं.